‘उपजत’ म्हणताना

‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकात दुष्यंत भर दरबारात शकुंतलेला खोटं ठरवतो. अंगठी सापडत नाही, आश्रमातली खुणेची गोष्ट सांगूनही त्याला पटत नाही. उलट तो म्हणतो, न शिकवताच येणारी चतुराई बायकांच्या जातीत असतेच. पशुपक्ष्यांच्या माद्यांतही ती दिसते, मग बुद्धी असलेल्यांबद्दल काय सांगावं! दाखला देतो कोकिळेचा. पिलं आकाशात उडू लागेपर्यंत ती त्यांना दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेते. कालिदासानं इथं वापरलेला शब्द आहे ‘अशिक्षितपटुत्व’. न शिकता आलेल्या कौशल्यासाठी इतका नेमका शब्द शोधून सापडणार नाही, आणि तो आला आहे आरोप म्हणून.

शाळेत न गेलेल्या, गुरू न केलेल्या, कुणी पैलू न पाडलेल्या माणसाच्या अंगी गुण दिसला की तो कुठून आला हे सांगण्यासाठी आपण कुठला ना कुठला शब्द योजतो. मराठीत असे शब्द भरपूर आहेत: उपजत, जन्मजात, जात्याच, अंगभूत, निसर्गदत्त, सहज, स्वयंभू, अनघड, रांगडा, गावरान, जातिवंत, अस्सल, दैवी देणगी. ‘त्याचा पिंडच तो’, ‘तिच्या रक्तातच आहे’ असंही आपण म्हणतो. हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, पण त्यांचा अर्थ एक नाही. कुणी गुणाचं मूळ जन्मात शोधतो, कुणी देवात, कुणी मातीत, कुणी कुळात. त्या माणसानं तो गुण कसा कमावला याचा उल्लेख मात्र यांतल्या बहुतेक शब्दांत नाही. या गोष्टीकडे आपलं पुरेसं लक्ष गेलेलं नाही असं मला वाटतं, म्हणून हा आढावा.

सुरुवात शास्त्रकारांपासून करावी लागते, कारण या बाबतीत ते आपल्यापेक्षा सावध होते. दंडीनं ‘काव्यादर्शा’त काव्यसंपदेची कारणं तीन सांगितली: निसर्गतः असलेली प्रतिभा, भरपूर आणि निर्मळ असं श्रवण-वाचन, आणि न थकता केलेला अभ्यास. अकराव्या शतकात मम्मटानं शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही त्रयी मांडली आणि वर हेही बजावलं की ही तिन्ही मिळून एकच कारण होतं, तीन वेगळी कारणं नव्हेत. वामनानं प्रतिभेला कवित्वाचं बीज म्हटलं आणि ते जन्मांतरीच्या संस्कारातून येतं असं सांगितलं. सर्वांत बारीक विभागणी राजशेखराची. दहाव्या शतकाच्या उंबरठ्यावर कनौजच्या दरबारात असलेल्या या कवीचं घराणं महाराष्ट्राशी नातं सांगणारं. त्याच्या ‘काव्यमीमांसे’त कवीची प्रतिभा तीन प्रकारची आहे. सहजा ही पूर्वजन्मीच्या संस्कारातून आलेली, आहार्या ही याच जन्मात मिळवलेली आणि औपदेशिकी ही मंत्रतंत्रादी उपदेशातून लाभलेली. मिळवलेल्या गुणालाही त्यानं ‘प्रतिभा’ हेच नाव दिलं, त्याला कमअस्सल ठरवलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. सतराव्या शतकात जगन्नाथ पंडितानं मात्र उलटी भूमिका घेतली. काव्याचं कारण एकटी प्रतिभाच. पण ती प्रतिभा येते कुठून, तर कधी देवतेच्या वा महापुरुषाच्या कृपेतून, कधी व्युत्पत्ती आणि अभ्यासातून. म्हणजे अभ्यास पुढच्या दारातून बाहेर गेला आणि मागच्या दारानं परत आला.

या सगळ्यांत मला सर्वांत खोल वाटतो तो भर्तृहरी. कालिदासाप्रमाणेच त्यालाही कोकिळ आठवतो. ‘वाक्यपदीया’च्या दुसऱ्या कांडात तो विचारतो, वसंतात कोकिळाचा आवाज कोण बदलतं? पाखरांना घरटी बांधायला कोण शिकवतं? आपण लगेच म्हणू, कुणीच नाही, ते उपजतच असतं. भर्तृहरीचं उत्तर वेगळं आहे. ही प्रतिभासुद्धा आगमातून, म्हणजे कधी तरी कानावर पडलेल्या, मनात रुजलेल्या शब्दातूनच जन्मते. फरक इतकाच की कुणाच्या बाबतीत तो आगम जवळचा, याच जन्मातला असतो आणि कुणाच्या बाबतीत दूरचा. पुनर्जन्म मानायचा की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला तरी त्यातली दृष्टी टिकते. शिकणं दिसत नसेल तर ते झालंच नाही असं धरू नये, ते कुठं झालं असेल तिथवर मागं जावं.

मराठी शब्दांकडे वळलं की ही सावधगिरी सुटत गेलेली दिसते. ‘सहज’चाच प्रवास पाहावा. सह आणि ज, म्हणजे आपल्याबरोबर जन्मलेलं, हा त्याचा मूळ अर्थ. आज ‘सहज आलो होतो’ म्हणजे काही कारण नसताना आलो, आणि ‘सहज जमलं’ म्हणजे कष्ट पडले नाहीत. जन्मासोबत आलेलं ते बिनकष्टाचं, ही सांधेजोड शब्दातच होऊन बसली आहे. ‘उपजत’ हा उपजणे या क्रियापदावरून आला. संस्कृत उत्पद्यते, प्राकृतातलं उप्पज्जइ, तिथून आपलं उपजणे. उपजत म्हणजे जन्मतःच असलेलं, आणि तो शब्द आता जवळजवळ फक्त गुणांसाठी उरला आहे. ‘जात्याच’ हे जाति या शब्दाचं रूप, अर्थ जन्माने, स्वभावाने. त्याच जाति शब्दानं आपल्या समाजात काय काय उभं केलं हे सांगायला नको. म्हणूनच ‘जातिवंत कलावंत’ हे विशेषण वाचताना माझं मन अडखळतं. जातिवंत घोडा म्हणजे वाणाचा, अवलादीचा. तो निकष माणसाच्या कलेला लावणं ही स्तुती खरी, पण ती माणसापेक्षा त्याच्या पैदाशीची अधिक होते. ‘अस्सल’च्या मुळाशी अरबी ‘अस्ल’ आहे, अर्थ मूळ, बुंधा. ‘पिढीजात’ची गोष्ट याहून वेगळी नाही. माशाच्या पिलाला पोहायला शिकवावं लागत नाही, असं आपण सुताराच्या, कुंभाराच्या, वाजंत्र्याच्या पोराबद्दल बोलत आलो. ते पोर सहाव्या-सातव्या वर्षापासून बापाला हत्यार हातात देत, चिखल तुडवत, सूर धरत शिकत असतं. पण त्याला कुणी शिक्षण म्हटलं नाही, आणि शिक्षण नाही म्हणून त्या कामाचं मोलही शिकलेल्या माणसाच्या कामासारखं झालं नाही.

उपजणे याच क्रियापदाचं दुसरं अपत्य या ‘उपजत’ला नीट उत्तर देतं. शास्त्रीय गायनात ‘उपज’ म्हणजे बंदिश मांडता मांडता गवयाला त्या क्षणी सुचत जाणारं, रागाच्या आणि तालाच्या चौकटीत नव्यानं फुटणारं काम. ‘उपजेचं अंग’ चांगलं असणं ही मोठी दाद समजली जाते. पण गुरूसमोर बसलेल्या शागिर्दाला पहिल्या दिवशी कुणी उपज करू देत नाही. आधी पलटे, आधी खर्ज, आधी गुरूनं दिलेली बंदिश तशीच्या तशी. उपज येते ती वर्षानुवर्षांच्या तालमीनंतर. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर अल्लादियाखाँसाहेबांकडे पद्धतशीर तालीम घ्यायला बसल्या तेव्हा त्यांची तिशी आली होती, आणि त्याआधी अब्दुल करीमखाँ, रामकृष्णबुवा वझे अशांकडून शिकून झालं होतं. पुढं १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीत त्यांची भैरवी होती. त्या आवाजाला नुसती ‘देवाची देणगी’ म्हणून मोकळं होणं हा त्या सगळ्या वर्षांचा अपमान आहे.

आणि इथं भाषेनं केलेला एक मोठा अन्याय सांगितलाच पाहिजे. कमावलेल्या कौशल्यासाठी मराठीनं बरेच शब्द अरबी-फारसीतून घेतले. ‘हुन्नर’ फारसी. ‘तालीम’ अरबी, अर्थ शिकवणं. ‘रियाज’च्या मुळाशी शिंगराला माणसाळवण्याचा, वळण लावण्याचा अर्थ आहे. ‘कसब’ म्हणजे अरबीत कमाई, मिळवलेलं. कसबी म्हणजे हातात कला असलेला कारागीर, आणि हा मानाचा शब्द. त्याचं स्त्रीलिंगी रूप कसबीण. त्याचा अर्थ कोशात उघडून पाहावा लागत नाही, तो सगळ्यांना ठाऊक आहे. कलावंत आणि कलावंतीण या जोडीचं तेच झालं. पुरुषानं कौशल्य कमावलं तर ती त्याची ओळख, बाईनं कमावलं तर तो तिच्यावरचा डाग. मग बाईच्या गुणाचं कौतुक करायची वेळ आली की भाषेला ‘कसब’ चालेना. कमावलेलं म्हटलं की बाजार आठवायचा. म्हणून तिच्या गळ्याला, पावलांना ‘देणगी’, ‘वरदान’, ‘उपजत’ असे सोवळे शब्द शोधले गेले. विठाबाई नारायणगावकर भाऊ-बापूंच्या फडात वाढल्या. ढोलकीचा ठेका, लावणीची अदा, समोर बसलेल्या हजारोंचा कल ओळखणं हे सगळं त्या तिथं शिकल्या. तमाशाचा फड ही शाळा होती हे म्हणायला मराठी लेखकांची जीभ फार काळ रेटली नाही. दुष्यंताचा तो शब्द मला इथं पुन्हा दिसतो, फक्त आरोपाच्या जागी आरती आली आहे.

स्वयंपाकघरातही हेच घडतं, आणि तिथं तर ते आपल्या डोळ्यांदेखत घडतं. ‘तिच्या हातालाच चव आहे’ हे वाक्य ऐकलं नाही असं मराठी घर नसेल. ज्वारीची भाकरी घ्या. पीठ ताजं हवं, जुन्या पिठाची विरी जाते आणि थापताना कडा फाटतात. विरी गेली असेल तर पाणी कढत घ्यायचं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. मळताना हाताच्या तळव्याची टाच किती दाबायची, परातीत खाली पीठ किती भुरभुरायचं, तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी कधी फिरवायचं आणि ते सुकायच्या आत कधी उलटायची, यातली एक वेळ चुकली की भाकरी फुगत नाही. मुलीला आजी शेवटच्या उरलेल्या गोळ्याची छोटी भाकरी थापायला देते. ती फाटते. आजी म्हणते, हात फिरू दे. काही महिन्यांनी हात बसतो. ‘हात बसणे’ हा शिकण्यासाठीचा इतका अचूक वाक्प्रचार आपल्याकडे आहे. सुताराची नजर बसते, गवंड्याचा हात बसतो, गाणाऱ्याचा गळा बसला तर मात्र पंचाईत होते, त्याचा गळा तयार व्हावा लागतो. पण हात एकदा बसला की आपण ‘बसला’ हे विसरतो आणि हातालाच चव चिकटवतो.

‘बाळकडू’ हा शब्द या साऱ्यांत प्रामाणिक आहे. तान्ह्या बाळाला पाजायचं कडू औषध, सहाणेवर उगाळून आईच्या दुधात वा पाण्यात चाटवलेलं. तोंड वेडंवाकडं करत बाळ ते गिळतं. ‘त्याला राजकारणाचं बाळकडूच मिळालंय’ म्हणताना आपण कबूल करतो की हे जन्मासोबत आलेलं नाही, कुणी तरी उगाळून, रोज थोडं थोडं पाजलेलं आहे. ज्या माणसांना आपण उपजत गुणी म्हणतो त्यांतल्या बहुतेकांना हाच शब्द अधिक शोभेल.

मातीकडे बोट दाखवणारे शब्द निराळ्या रीतीनं फसवतात. ‘गावठी’, ‘गावंढळ’ आणि ‘गावरान’ या तिन्हींत गाव आहे. पण पहिल्यात बहुतेक वेळा हेटाळणी, दुसऱ्यात निव्वळ हिणवणं, आणि तिसऱ्यात आताशा हॉटेलच्या पाटीवर झळकणारा अभिमान. कोकणात आणि मुंबईत गावठी कोंबडी, गावठी अंडी म्हणताना तोच हेटाळणीचा शब्द खात्रीचा होतो, हेही खरं. माळव्यातल्या राजपुतांच्या बोलीला रांगडी असं नाव असल्याची नोंद ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणात आहे. मराठीत ‘रांगडा’ म्हणजे आडदांड, शिष्टाचार न जाणणारा. आज रांगडं कोल्हापूर, रांगडी चव, रांगडा गडी असं कौतुकानं म्हटलं जातं. पण त्या कौतुकात डोकं नसतं, फक्त खांदे असतात. कोल्हापुरात कुस्तीच्या आखाड्याला ‘तालीम’ म्हणतात. शिक्षण असाच अर्थ असलेल्या जागी जाऊन, वस्तादाच्या हाताखाली डाव शिकून आलेल्या मल्लाला आपण रांगडा म्हणतो, यातली विसंगती सहसा जाणवत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. त्या स्पर्धेच्या वेळी त्यांनी रीस गार्डनर यांच्याकडून मॅटवरच्या कुस्तीचे धडे घेतले. मातीत वाढलेल्या मल्लाला मॅट नवी होती. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. चपळाई आणि डावपेच हे त्यांचं बळ होतं. त्यांना रांगडेपणाच्या चौकटीत बसवणं म्हणजे त्यांची बुद्धी नाकारणं.

‘अनघड’, ‘ओबडधोबड’, ‘पैलू न पाडलेला हिरा’ हे शब्द दगडांच्या दुनियेतून आले. ‘पैलू’ फारसी, अर्थ बाजू, कूस. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण त्याच दुनियेतली, आणि ‘स्वयंभू’ हा तिला छेद देणारा: जी मूर्ती कुणी घडवली नाही तीच अधिक पवित्र. या दोन्ही कल्पना आपण एकाच वेळी मानतो. बहिणाबाई चौधरींच्या बाबतीत दोन्ही एकत्र आल्या. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बहिणाबाईंची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली पुस्तकरूपानं आली. चिरंजीव सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांनी त्यांना बावनकशी सोनं म्हटलं, आणि ते योग्यच होतं. पण त्यानंतरच्या सत्तर वर्षांत ‘निरक्षर असूनही’ हे दोन शब्द बहिणाबाईंच्या नावाला असे चिकटले की पाठ्यपुस्तकापासून भाषणापर्यंत प्रत्येक जण त्यांपासूनच सुरुवात करतो. त्या ‘असूनही’वर माझा आक्षेप आहे. अक्षरओळख नसणं आणि काव्याचं शिक्षण नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्या गाण्यांतली बरीचशी ओवीच्या चालीत आहेत, आणि ओवी ही जात्यावर शिकली जाते.

ते शिक्षण कसं असे हे जरा जवळून पाहावं. पहाटे, उजाडायच्या आत, दोघी समोरासमोर, खुंट्यावर दोघींचे हात. एक हात मुठीनं जात्याच्या तोंडात घास घालतो. एकीनं ओळ उचलायची, दुसरीनं धरायची. सुरुवातीचे शब्द ठरलेले, संबोधनं ठरलेली, पाळूचा फेरा आणि ओळीची लांबी एकमेकांना बांधलेली. त्या चौकटीत आपल्या भावाचं, सासरचं, पावसाचं, पंढरीचं दुःख-सुख बसवायचं. शेजारी गोधडीत पडलेल्या मुलीच्या कानावर हे रोज पडतं. आठ-दहा वर्षांची होता होता तीच खुंट्याला हात लावते, आधी ऐकलेल्या ओव्या म्हणते, मग त्यांत स्वतःचा शब्द घालते. पाठांतर, छंद, शीघ्ररचना आणि समोरच्या जाणत्या बाईची पसंती: राजशेखराच्या ‘आहार्या’ प्रतिभेला लागणारं सगळं त्यात आहे. बहिणाबाईंची झेप त्यांची स्वतःची, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या पायावरून त्यांनी झेप घेतली तो पाया हजारो बायकांनी बांधला होता.

अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘दीड दिवसाच्या शाळे’चंही असंच झालं आहे. वाटेगावचा हा मुलगा मुंबईत पाट्या आणि पोस्टरं वाचत अक्षरं शिकला, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात चळवळीतल्या माणसांत वावरला, गॉर्की वाचला, १९४४ साली अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं, आणि मग १९५९ साली ‘फकिरा’ लिहिली. दीड दिवसाचा आकडा सगळ्यांना पाठ असतो, त्यानंतरचा अभ्यास कुणाला आठवत नाही. चमत्कार म्हटलं की तो शक्य करणाऱ्या कामगार वस्तीची दखल घ्यावी लागत नाही.

देवाकडे बोट दाखवणाऱ्या शब्दांबद्दल मात्र एक गोष्ट जपून सांगायला हवी. ‘हे माझं नव्हे, देवाचं बोलणं आहे’ असं तुकोबा म्हणतात तेव्हा तो नम्रपणा आहे, अनुभवही आहे, आणि शूद्रानं धर्माचं बोलावं का, या प्रश्नाला दिलेलं उत्तरही आहे. नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन कविता करायला सांगितलं, ही त्यांचीच साक्ष. पण तेच तुकोबा आपली हकिगत सांगताना हेही लपवत नाहीत की एकादशीच्या कीर्तनाला उभं राहू लागले तेव्हा आधी अभ्यासात मन नव्हतं, मग संतांची वचनं श्रद्धेनं पाठ केली. प्रसाद आणि पाठांतर त्यांनी शेजारी शेजारी ठेवलं. आपण प्रसाद तेवढा उचलला.

आता ‘टॅलंट’, ‘रॉ टॅलंट’ आणि ‘गॉड गिफ्ट’ या शब्दांनी घरात ठाण मांडलं आहे. दूरचित्रवाणीवरच्या गाण्या-नाचाच्या स्पर्धांत खेड्यातून आलेल्या मुलाला परीक्षक हमखास हेच म्हणतात. ग्रीक ‘तालांतोन’ म्हणजे वजन आणि त्या वजनाची चांदी. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पंचविसाव्या अध्यायात धनी परगावी जाताना चाकरांकडे ते धन सोपवतो. ज्यांनी ते वापरून वाढवलं त्यांना तो शाबासकी देतो, आणि ज्यानं जमिनीत पुरून ठेवलं त्याला झिडकारतो. या दाखल्यावरून युरोपात टॅलंटला गुणाचा अर्थ आला. म्हणजे तिथंही मिळालेलं धन कामाला लावणं हाच मुद्दा होता.

गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पूर्वीच्या कित्येक संग्रहांत ‘लोकगीत’ या एका शब्दाखाली सगळ्या गाणाऱ्या बायका नाहीशा व्हायच्या. या संग्रहात ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे, आणि त्यामुळे एकाच गावातल्या सासू, सून, जावा यांच्या ओव्या शेजारी ठेवून वाचता येतात. कोणती ओळ घराघरांतून फिरली आणि कुणी तिच्यात काय बदललं हे तपासता येतं. आजवर या सामग्रीकडे बायकांच्या सुखदुःखाचा दस्तऐवज म्हणून पाहिलं गेलं, आणि तेही हवंच होतं. काव्य कसं शिकवलं आणि शिकलं जात होतं, या अंगानं तिचा अभ्यास करायला मराठीच्या अभ्यासकांनी आता लागावं. जात्यावर बसलेल्या बायकांतल्या पुष्कळ जणी आज सत्तरीच्या पुढं आहेत. ओवी कुणाकडून घेतली, पहिली स्वतःची ओळ कधी घातली, चुकल्यावर कोण टोकायचं, हे त्यांना अजून विचारता येतं.